सगळं हिरवं म्हणजे सगळं बरं?

टेस्ट रिपोर्टचा स्क्रीनशॉट ब्लॅक बुकात चिकटवला की आपण मोकळे होतो. पण त्या रिपोर्टला प्रश्न विचारता येतात, हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

शेवटच्या वर्षाचं एखादं ब्लॅक बुक उघडा. तुमचं अजून व्हायचं असेल तर डिपार्टमेंटच्या कपाटातलं कुणा सीनियरचं काढा. 'टेस्टिंग' नावाचं प्रकरण त्यात हमखास असतं. आधी व्हाइट बॉक्स, ब्लॅक बॉक्सच्या व्याख्या, मग एक टेबल आणि शेवटी स्क्रीनशॉट. काळ्या टर्मिनलवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, '४७ पास्ड'. प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे हिरवा रंगही दिसत नाही, पण ते असो. एक्स्टर्नल त्या पानावर एक नजर टाकतात, पान उलटतात आणि विषय संपतो.

आता त्याच पानाला चार साधे प्रश्न विचारा. या ४७ पैकी सगळ्यात जास्त वेळ कोणत्या टेस्टने खाल्ला? मागच्या आठवड्यात यातल्या किती फेल होत होत्या? एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल असं करते का? आणि मुळात टेस्ट ४७च होत्या, की ५२ होत्या आणि पाच गुपचूप वगळल्या? पान गप्प बसतं. बिचारं काय बोलणार, तो फोटो आहे!

माझं म्हणणं सरळ आहे. टेस्ट रिपोर्टला आपण सर्टिफिकेटसारखं वागवतो. एकदा मिळालं, फाइलला लावलं, झालं. खरं तर त्यातली प्रत्येक ओळ कोडमध्ये उचलून घेता येते, तिचा ऑब्जेक्ट बनवता येतो आणि मग तिला हवा तो प्रश्न विचारता येतो. हे काम दीडशे ओळींच्या आत होतं. तरीही आपल्याकडे प्रोजेक्ट करणारी मुलं ते करत नाहीत, कारण तसं करायला कुणी सांगत नाही आणि मार्कही मिळत नाहीत. हे बदलायला हवं.

निकालाचं गॅझेट आठवा

युनिव्हर्सिटीचा निकाल लागतो तेव्हा काय होतं? अख्ख्या कॉलेजचं गॅझेट पीडीएफमध्ये व्हॉट्सॲपवर येऊन पडतं. शेकडो सीट नंबर, बारीक अक्षरं, आकड्यांची रांग. स्वतःचा नंबर शोधेपर्यंत डोळे दुखतात. 'मॅथ्समध्ये आपल्या वर्गातल्या किती जणांना केटी लागली?' असं कुणी विचारलं, तर एखादा उत्साही मित्र रात्रभर बसून ते सगळं एक्सेलमध्ये भरतो. सकाळी मात्र तोच मित्र हिरो असतो, कारण आता त्याला फिल्टर लावता येतो. माहिती तीच आहे, पण पीडीएफ वाचावं लागतं आणि एक्सेलला विचारता येतं.

टेस्ट रिपोर्टचंही हेच आहे. टर्मिनलवर जे दिसतं ते माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. त्यात रंग असतात, ठिपके असतात, 'फेल्ड'च्या खाली लांबलचक एरर असते. काही जण त्या मजकुरातूनच रेजेक्स लावून आकडे खेचून काढतात. कृपा करून तसं करू नका. टूलची पुढची व्हर्जन आली आणि वाक्याची रचना बदलली, की तुमचा रेजेक्स आडवा. त्याऐवजी टूललाच सांगा की मशीनला वाचता येईल अशी फाइल दे. जवळजवळ सगळी टूल्स ती देतात.

विमानात जन्मलेला जेयुनिट

या फाइलच्या मागे एक गंमतशीर इतिहास आहे. केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे १९९७ मध्ये एका कॉन्फरन्ससाठी झुरिकहून अटलांटाला विमानाने चालले होते. वेळ घालवायला दोघांनी मिळून जावासाठी टेस्ट चालवणारं एक छोटं फ्रेमवर्क लिहिलं. तो जेयुनिट. पुढे अँट नावाच्या बिल्ड टूलने जेयुनिटचे निकाल एक्सएमएलमध्ये लिहायला सुरुवात केली. जेनकिन्ससारख्या सर्व्हरना तो फॉरमॅट वाचता यायला लागला आणि मग बाकीच्यांनीही तोच उचलला. आज पायथनचा पायटेस्ट, जावाचे मेव्हन आणि ग्रेडल, पीएचपीचा पीएचपीयुनिट, सगळे या 'जेयुनिट एक्सएमएल'मध्ये रिपोर्ट देतात. जावाशी काडीचा संबंध नसलेली प्रोजेक्टही हीच फाइल तयार करतात.

आत काय असतं? 'टेस्टस्वीट' नावाचा टॅग. त्यावर एकूण टेस्ट किती, फेल किती, एरर किती, वगळलेल्या किती, हे आकडे. त्याच्या पोटात प्रत्येक टेस्टसाठी एक 'टेस्टकेस' टॅग. त्यावर टेस्टचं नाव, क्लासचं नाव आणि लागलेला वेळ सेकंदांत. टेस्ट फेल झाली असेल तर टेस्टकेसच्या आत 'फेल्युअर' असा छोटा टॅग येतो. वेगळं काही बिनसलं असेल तर 'एरर'. टेस्ट चालवलीच नसेल तर 'स्किप्ड'.

आणि पास झाली असेल तर? काहीच नाही. टेस्टकेसचं पोट रिकामं. म्हणजे या फाइलमध्ये 'मी पास झाले' असं कोणतीही टेस्ट सांगत नाही. तक्रार नाही म्हणजे पास, असं आपण समजून घ्यायचं. हा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

नापास, गैरहजर, निकाल राखीव

समजा, तुम्ही घाईघाईत कोड लिहिला: फाइल उघड, प्रत्येक टेस्टकेसमध्ये 'फेल्युअर' टॅग आहे का बघ, नसेल तर पास धर. वरवर बरोबर वाटतं ना? आता डेटाबेसच सुरू झाला नाही म्हणून दहा टेस्ट चालूच शकल्या नाहीत. त्यांच्या पोटात 'एरर' आहे, 'फेल्युअर' नाही. तुमच्या कोडने त्या दहाही टेस्ट पास केल्या. शिवाय कुणीतरी पाच टेस्ट 'नंतर बघू' म्हणून वगळल्या होत्या, त्याही पास. डेटाबेस बंद आहे, निम्मं ॲप चालत नाहीये आणि तुमचा रिपोर्ट शंभर टक्के म्हणतोय!

परीक्षेच्या भाषेत बघा. पेपर लिहिला आणि चुकला, तो नापास. पेपरला बसलाच नाही, तो गैरहजर. सेंटरवर काहीतरी गोंधळ झाला आणि पेपर तपासताच आला नाही, त्याचा निकाल राखीव. या तिघांनाही 'नापास नाही ना, मग पास' असं म्हणणारा क्लार्क एक दिवस तरी टिकेल का? पण असा कोड मात्र वर्षानुवर्षं टिकतो, कारण सगळं हिरवं दिसत असल्यामुळे तक्रार करायला कुणी येत नाही.

म्हणून ऑब्जेक्ट बनवताना पहिली अट ही. निकालाच्या जागी नुसतं 'हो' किंवा 'नाही' ठेवू नका. चार किमतींचा इनम करा: पास, फेल, एरर, स्किप. ओळखीचा नसलेला टॅग दिसला तर कोडने तिथेच थांबून ओरडायला हवं. हे अगदी खरं संकट आहे. मेव्हनला 'फेल झालेली टेस्ट पुन्हा चालवून बघ' असं सांगता येतं. पहिल्यांदा फेल आणि दुसऱ्यांदा पास झाली, तर तो रिपोर्टमध्ये 'फ्लेकीफेल्युअर' असा वेगळाच टॅग लिहितो. तुमच्या कोडला तो टॅग माहीत नसेल, तर त्याच्या लेखी ही टेस्ट पहिल्या फटक्यात पास. जी माहिती सगळ्यात कामाची होती, तीच गळून पडली.

अजून एक गोम. हा फॉरमॅट एखाद्या समितीने बसून ठरवलेला नाही, वापरता वापरता रूढ झालाय. त्यामुळे वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणीसारखी प्रत्येक टूलची आपली बोली आहे. टेस्ट चालू असताना शून्याने भागाकार झाला, असं धरा. पायटेस्ट याला 'फेल्युअर' म्हणतो. त्याच्या मते 'एरर' म्हणजे टेस्टच्या आधीची तयारी किंवा नंतरची आवराआवर बिघडणं. पायथनच्याच युनिटटेस्टच्या हिशोबात मात्र तीच घटना 'एरर' असते, कारण तिथे 'फेल्युअर' म्हणजे अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर जुळलं नाही एवढंच. एकाच भाषेतली दोन टूल्स, एकच चूक, दोन नावं. टीममधल्या एकाने हे वापरलं, दुसऱ्याने ते, आणि तुम्ही दोघांचे आकडे एका तक्त्यात मांडले, तर त्या तक्त्याला काय अर्थ उरला?

दारातच तपासा

मग नेमकं करायचं काय? 'टेस्टनिकाल' नावाचा एक छोटा क्लास. पायथनमध्ये ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, डेटाक्लास आहेत. जावामध्ये १६ व्या व्हर्जनपासून रेकॉर्ड आहेत. दोन्हीकडे दहा ओळींत काम होतं. त्यात काय काय ठेवायचं? टेस्टची ओळख, निकाल (चारपैकी एक), लागलेला वेळ, फेल झाली असेल तर कारण. आणि दोन गोष्टी तुम्ही बाहेरून जोडायच्या: हा रन कोणत्या कमिटवर झाला आणि कधी झाला. कमिटचा नंबर साधारणपणे रिपोर्टमध्ये नसतो, पण त्याच्याशिवाय पुढची मजा नाही.

ओळख म्हणजे नुसतं टेस्टचं नाव नव्हे. 'टेस्ट लॉगिन' नावाच्या टेस्ट तीन वेगवेगळ्या क्लासमध्ये असू शकतात. क्लास आणि नाव एकत्र घ्या. टेस्टच्या नावात आजची तारीख किंवा रँडम नंबर येत असेल, तर तो आधी काढा. नाहीतर रोज एक नवी टेस्ट जन्माला येईल आणि कालच्या निकालाशी तुलनाच होणार नाही.

वेळ हा आकडा म्हणूनच साठवा. एक्सएमएलमधून तो मजकूर म्हणून येतो आणि मजकुराच्या क्रमात '१०.२' हे '९.८' च्या आधी लागतं. सगळ्यात हळू टेस्ट शोधायला जाल आणि भलतीच हाती येईल. मेव्हनच्या जुन्या रिपोर्टमध्ये तर हजार सेकंदांच्या पुढे आकड्यात स्वल्पविराम यायचा. पायथनला तो सरळ दशांश संख्येत बदलायला सांगितलं, की तो हात वर करतो. हे सगळं रूपांतर फाइल आत घेतानाच करा, म्हणजे पुढच्या कोडला एक्सएमएलचं नावही ऐकावं लागणार नाही. इमारतीच्या वॉचमनने गेटवरच वही भरून घेतली, की प्रत्येक मजल्यावर परत विचारपूस करावी लागत नाही, तसं.

आणि ताळा करा. शाळेत बेरजेचा ताळा करायचो, तसाच. टेस्टस्वीटवर एकूण आकडे दिलेले असतात. तुम्ही बनवलेले ऑब्जेक्ट मोजा. एकूण, फेल, एरर, स्किप, चारही जुळले पाहिजेत. नाही जुळले तर तुमचा कोड काहीतरी गिळतोय.

दोन प्रसंग मुद्दाम सांभाळा. पहिला, रिकामा रिपोर्ट. पायथनमध्ये रिकाम्या यादीला 'यातले सगळे पास आहेत का?' असं विचारलं, तर उत्तर येतं, 'हो'. तर्कशास्त्राने ते बरोबर आहे, पण तुमच्यासाठी घातक. फोल्डरचं नाव चुकलं, एकही टेस्ट सापडली नाही आणि तरीही सगळं हिरवं! पायटेस्टने हा धोका ओळखलाय. एकही टेस्ट मिळाली नाही तर तो यश न मानता वेगळा एक्झिट कोड देतो, ५. तुमच्या कोडनेही शून्य टेस्टना यश म्हणू नये. दुसरा प्रसंग, शिळा रिपोर्ट. आजचा रन मध्येच कोसळला, नवी फाइल तयारच झाली नाही आणि तुम्ही फोल्डरमध्ये पडलेली कालची फाइल वाचली. जेनकिन्सला नेमकी ही शंका येते. रिपोर्ट सापडले पण सगळे जुने, असं दिसलं तर तो टेस्ट खरंच चालल्या का, असं विचारतो. तुम्हीही फाइलची वेळ बघा.

आता विचारा प्रश्न

इतकी खटपट कशासाठी? उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या ग्रुपने कॅन्टीनच्या ऑर्डरचं ॲप बनवलंय. ४७ टेस्ट आहेत. तुम्ही प्रत्येक रनचा रिपोर्ट ऑब्जेक्टमध्ये बदलून एका फाइलमध्ये साठवताय. वीस रन झाले, तुमच्याकडे ९४० निकाल आले. त्यात 'आजच्या ऑर्डर' नावाची एक टेस्ट कधी पास होते, कधी फेल. ग्रुपमध्ये त्यावर ठरलेलं उत्तर आहे, 'अरे, परत रन कर, होते ती.' आणि खरंच होते!

आता तुम्ही फक्त या टेस्टचे निकाल वेगळे काढता आणि रन कधी झाला त्याप्रमाणे लावता. चित्र स्वच्छ दिसतं. सगळे फेल रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधले. दिवसा एकही नाही. साडेपाच हा आकडा बघितल्यावर ट्यूब पेटते. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ॲप ऑर्डरची तारीख जागतिक वेळेप्रमाणे टाकतंय आणि टेस्ट ती लॅपटॉपच्या तारखेशी ताडून बघतेय. मध्यरात्रीनंतर साडेपाच तास आपल्याकडे नवी तारीख असते आणि तिकडे कालचीच. हॉस्टेलवर रात्री कोडिंग करणाऱ्यांना टेस्ट फेल दिसते, सकाळी घरून येणाऱ्यांना पास. दोघेही खरं बोलतायत. हे ॲप असंच लाँच झालं असतं, तर रात्री साडेबाराला दिलेली ऑर्डर कालच्या हिशोबात गेली असती.

हा बग कोणत्याही एका रिपोर्टमध्ये दिसत नाही. वीस रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर दिसतो, आणि वीस फोटो शेजारी ठेवून कुणी बघत बसत नाही.

अशा चंचल टेस्टना 'फ्लेकी' म्हणतात आणि हा काही फक्त विद्यार्थ्यांचा रोग नाही. गुगलने २०१६ मध्ये आपले आकडे जाहीर केले होते. त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार चंचलपणा होता. टेस्ट पासवरून फेलवर गेल्याच्या घटनांपैकी सुमारे ८४ टक्क्यांमध्ये चंचल टेस्टचा हात होता. म्हणजे लाल दिवा लागला की बहुतेक वेळा कोड बिघडलेलाच नसतो. अशा ठिकाणी माणसं लाल दिव्याकडे बघणंच सोडून देतात, आणि मग खरा बिघाडही त्यातच खपून जातो. हे आकडे गुगल सांगू शकलं, कारण त्यांचे निकाल साठवलेले आणि मोजता येण्यासारखे होते.

स्किपचीही गंमत बघा. सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात फेल होणारी टेस्ट दुरुस्त करण्यापेक्षा तिला स्किप लावणं सोपं असतं. एका रिपोर्टमध्ये ते खपून जातं. पण दर आठवड्याचा स्किपचा आकडा ओळीने मांडा. तो दोनवरून अकरावर गेलेला दिसला, की सबमिशनच्या आधी काय झालं ते कुणी सांगायची गरज राहत नाही.

९७ ईमेल

'एवढं काय होणार आहे?' असं वाटत असेल तर एक खरी घटना वाचा. नाइट कॅपिटल ही अमेरिकेच्या शेअर बाजारातली मोठी कंपनी होती. २०१२ मध्ये तिने आपल्या ट्रेडिंगच्या सर्व्हरवर नवा कोड टाकला. आठपैकी एका सर्व्हरवर तो टाकायचा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना, कित्येक वर्षं न वापरलेला कोड जागा झाला. जवळपास पाऊण तासात ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात एक बारीक तपशील आहे. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच सिस्टीमने कर्मचाऱ्यांना आपोआप ९७ ईमेल पाठवले होते. त्यांत त्या जुन्या कोडच्या नावासकट एरर लिहिलेली होती. पण हे ईमेल धोक्याची घंटा म्हणून बनवलेले नव्हते आणि एरवीही कुणी ते वाचायचं नाही. त्या दिवशीही कुणी हालचाल केली नाही.

ते टेस्ट रिपोर्ट नव्हते, हे खरं. पण जात तीच. मशीन सांगत होतं, मजकूर तयार होत होता आणि तो माणसाने कधीतरी वाचावा म्हणून एका डब्यात पडत होता. त्या मजकुरावर कोणतंही कोड पुढचं पाऊल उचलत नव्हतं. 'ही एरर एकदा जरी आली तरी ट्रेडिंग सुरू करू नका' असं सांगायला आधी त्या एररचं मोजता येईल असं काहीतरी व्हावं लागतं.

'पण डॅशबोर्ड आहेत ना!'

आता तुमचे आक्षेप. पहिला, हे सगळं करणारी टूल्स आहेत. आहेतच, आणि जरूर वापरा. एक्सएमएल वाचायचा कोडही स्वतः लिहू नका. पायथनमध्ये जेयुनिटपार्सरसारखी तयार लायब्ररी आहे. बाहेरून आलेली फाइल असेल तर सुरक्षित पार्सर वापरा, कारण एक्सएमएलमधून मेमरी खाऊन टाकणारे हल्ले होतात. पण डॅशबोर्ड त्याच्या बनवणाऱ्याला सुचलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देतो. 'फक्त मध्यरात्रीनंतरचे फेल दाखव' हा प्रश्न तुमच्या ॲपचा आहे. तो तुम्हालाच विचारावा लागेल.

दुसरा आक्षेप, हा कोड एआय दहा सेकंदांत लिहून देईल. देईल की! पण स्किपला पास धरायचं का, शून्य टेस्ट आल्या तर काय करायचं, अनोळखी टॅग दिसला तर थांबायचं की पुढे जायचं, हे ठरवणार कोण? तुम्ही सांगितलं नाही तर ते स्वतःच काहीतरी ठरवेल आणि तुम्हाला कळणारही नाही. उत्तर तुमच्याकडे तयार असेल तरच त्याचा कोड बरोबर आहे की नाही ते ओळखता येईल.

तिसरा, आमच्या प्रोजेक्टमध्ये फक्त बारा टेस्ट आहेत. उत्तम! बारा टेस्टवर शिकणं सोपं. पुण्या-मुंबईत आयटीत लागणाऱ्या कितीतरी फ्रेशर्सना पहिल्यांदा टेस्टिंगला टाकतात आणि त्यांना वाटतं, आपल्याला डेव्हलपमेंट मिळालं नाही, म्हणजे आपण मागे पडलो. मग रोज संध्याकाळी रिपोर्टमधले आकडे बघून बघून एक्सेलमध्ये भरायचे आणि स्टेटस मेल पाठवायचा. हे काम ज्याला कोडमध्ये बसवता येतं आणि वर 'या सहा टेस्ट महिनाभर चंचल आहेत' हे पुराव्यासकट सांगता येतं, त्याचं मीटिंगमधलं वजन वेगळं असतं. आणि त्याने केलेलं काम डेव्हलपमेंटच आहे, नाव काहीही द्या.

सरांना आणि मॅडमना

एक मागणी आपल्या शिक्षकांकडेही. टेस्टिंगच्या प्रकरणात स्क्रीनशॉट घेणं बंद करा. त्याऐवजी शेवटच्या दहा रनचे मूळ रिपोर्ट मागा आणि ते वाचणारा छोटा प्रोग्राम मागा. ओरलला तीनच प्रश्न विचारा. सगळ्यात हळू टेस्ट कोणती? कोणती टेस्ट एकाच कमिटवर पासही झाली आणि फेलही? किती टेस्ट वगळल्या आणि का? सगळ्या पास दाखवणाऱ्या ग्रुपपेक्षा 'ही टेस्ट चंचल आहे आणि कारण हे आहे' असं सांगणाऱ्या ग्रुपला जास्त मार्क द्या. एका सेमिस्टरमध्ये फरक दिसेल. सध्या आपण मुलांना हिरवं दाखवायला शिकवतोय, आणि मुलं हुशार आहेत, ती ते पटकन शिकतात.

तुमच्यापुरतं मात्र सरांची वाट बघायची गरज नाही. आज रात्रीच करून बघा. पायटेस्टला जेयुनिट एक्सएमएल लिहायला सांगा. एक ऑप्शन द्यावा लागतो, बस. चार टेस्ट ठेवा. पहिली नीट चालणारी. दुसरीत मुद्दाम चुकीचं उत्तर अपेक्षित धरा. तिसरीची पूर्वतयारी, म्हणजे फिक्श्चर, मुद्दाम मोडा. चौथीला स्किप लावा. मग तुमच्या कोडला निकाल विचारा. एक पास, एक फेल, एक एरर, एक स्किप असं उत्तर यायला हवं. त्यानंतर चारही टेस्ट काढून टाका आणि परत विचारा. तेव्हाही तो 'सगळं छान' म्हणाला, तर ब्लॅक बुक बाइंडिंगला टाकायची घाई करू नका.